पान्ह्याचं गाणं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढं हात जोडतानासुद्धा पोराबाळांचं, गुराढोरांचं मागून मोकळी होते आणि हे मागं ठेवते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जरा सोपं असेल असं वाटलं होतं — पण लिहायला बसले तर कुठून सुरुवात करावी तेच कळेना. एरवी माझं असं होत नाही. मी कामाची बाई आहे. जनावरांचा डॉक्टर, पेंड, लाईट बिल, कुणाच्या लग्नाला किती वाजता निघायचं, सगळं फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर असतं आणि झालं की मी त्यावर रेघ मारते. हे एकच असं, की ज्यावर रेघ कशी मारायची ते मला आजपर्यंत समजलं नाही.

गाण्यापासून सुरू करते. गाण्याचं बोलणं त्यातल्या त्यात सोपं आहे.

न्हावऱ्याला आमचा गोठा आहे. आता मशिनवर धारा काढतो, पण सकाळ-संध्याकाळ गोठ्यात एक गाणं लागतं. त्याला गाणं म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. शब्द नाहीत. एक बाई तोंड मिटून गुणगुणतेय, एवढंच. दोन खालचे सूर, मग एक वर जातो, वर गेल्यावर थरथरतो आणि जिथं खाली यावा असं आपल्याला वाटतं, तिथं येतच नाही. मागं दुधाच्या धारा. बादली रिकामी असते तेव्हा धार पत्र्यावर आपटल्याचा आवाज, मग बादली भरत जाते तसा तो आवाज खोल होत जातो. आणि मजा अशी, की धारेचा आवाज खाली जातो तशी ती बाई वर वर जाते.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते आवडत नाही. कुणालाच नाही. आमचे जनावरांचे डॉक्टर पहिल्यांदा आले तेव्हा दारातच थांबले. म्हणाले, "वहिनी, तुमच्या गाईंना शोकसभा आवडते काय हो?" सगळे हसलो. पण मग एक गाय आजारी पडली, त्यांना महिनाभर रोज यावं लागलं, आणि एक दिवस गाडीला किक मारताना तेच ते दोन खालचे सूर आणि एक वरचा त्यांच्या तोंडातून निघाला. त्यांना कळलंसुद्धा नाही. मला कळलं. माझ्या हातात चहाचा कप होता, तो मी तिथंच पायरीवर ठेवला.

टीव्हीवरची गाणी पहिल्या ऐकण्यात आवडतात आणि महिन्याभरात विटतात. याचं उलटं आहे. हे आधी कानात खुपतं. मग नुसतं वाजत राहतं. मग एक दिवस लाईट नसते, गोठा शांत असतो, आणि आपल्याला काहीतरी कमी पडतंय असं वाटायला लागतं. काय कमी पडतंय? तर ते.

ती बाई म्हणजे माझी धाकटी जाऊ. शालन.

निमोण्याची पोर. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, मला आक्का म्हणायची. माझे दीर ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातले पंधरा दिवस बाहेर. घरात आमचे हे, आम्ही दोघी आणि तिची लहान मुलगी पूनम. गोठ्याची व्यवस्था माझ्याकडं, धारा तिच्याकडं. तिचा हात हलका होता, गाय हलायची नाही. आणि धार काढताना ती गुणगुणायची. मला ते अजिबात सहन व्हायचं नाही. मी तिला तोंडावर म्हणायचे, "शालन, गाणं म्हणतीस का रडतीस गं? एक काय ते ठरव." ती हसायची. म्हणायची, "आक्का, तुम्हाला न्हाई आवडत, पर चांदीला आवडतं."

ते मात्र खरं होतं. चांदी आमची सगळ्यात जास्त दुधाची गाय, आणि तेवढीच हट्टी. माझा हात लागला की पान्हा चोरायची. कास टम्म फुगलेली, आणि धार येईल तर शपथ. शालन उकिडवी बसली, गुणगुणायला लागली, की सोडायची. त्या दिवसांत तर शालन जास्तच गुणगुणायची. बसायच्या आधीच सुरू व्हायचं, उठल्यावरही थोडा वेळ चालू राहायचं.

मग तिच्या भावाचं लग्न ठरलं. ती आठवडाभर माहेरी जाणार होती. आता तुम्हीच सांगा, दुसऱ्या कुणाच्या मनात काय आलं असतं? तिला साडी घ्यावी, पूनमला झबलं घ्यावं. माझ्या मनात आलं, चांदीचं काय? घरात टेपरेकॉर्डर होता. मी एक जुनी कॅसेट घातली आणि संध्याकाळच्या धारांच्या वेळी टेप पेंडीच्या पोत्यांमागं ठेवून बटण दाबलं. तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लाजली असती, गप्प बसली असती. मी गव्हाणीत वैरण टाकत तिथंच होते. ती चांदीखाली बसली आणि सुरू झाली. डोक्यात माझा हिशोब पक्का होता — शालन नसताना शालनचा आवाज पुरे.

नसताना. हा शब्द मी नंतर कितीदा मनात घोळवला असेल.

ती लग्नाला गेलीच नाही. चौथ्या दिवशी सकाळी न्हाणीत पडली. जीप करून शिरूरला नेलं. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं की पोटात आतल्या आत फुटलंय, खूप आधी आणायला हवं होतं. दुपारी ती गेली. पूनम दोन वर्षांचीही नव्हती.

दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळे उभे होते. तिचे वडील, भाऊ, आमचे हे. तिच्या वडिलांनी मला विचारलं. कुणावर आरोप म्हणून नाही, म्हातारा माणूस, नुसता भांबावलेला. "ताई, पोट दुखतंय म्हणून काय बोलली का हो तुमाला?"

मी म्हणाले, "न्हाई हो मामा. एका शब्दानं न्हाई."

ते खोटं होतं.

ती बोलली होती. मला सांगितलं होतं, दवाखान्यात न्या म्हणाली होती, आणि मी ते बाजारच्या दिवसावर ढकललं होतं. सरळ लिहिलं की एवढंच आहे. हे लिहायला मला वीस-बावीस वर्षं लागली, आणि बघा, दोन ओळींत मावलं.

पण खोटं एकदा बोलून संपत नाही. त्याला माणसं सजवतात. दशक्रियेला महाराजांनी प्रवचन केलं, त्यात शालनचं उदाहरण दिलं — बाई किती सोशिक, मरण पोटात वाढत होतं पण सासरी कुणाला कळू दिलं नाही. बाया पदरानं डोळे पुसत होत्या. मीही पुसले. त्या दिवसापासून शालन म्हणजे न बोलता गेलेली बाई. भावकीत, निमोण्यात, सगळीकडं.

आणि चांदी? चांदीनं पान्हा कोंडला. कास दगडासारखी झाली, हात लावला की लाथ. दोन दिवस पाहिलं आणि मग मी टेप काढला. मी कामाची बाई आहे, म्हणाले ना. गेलेल्या बाईचा आवाज तिच्याच गाईसमोर लावताना माझा हात थरथरला का? नाही थरथरला. बादली तयार ठेवली आणि बटण दाबलं.

चांदीनं मान वळवली. तिनं एकटीनंच नाही. दावणीच्या सगळ्या गाईंनी रवंथ थांबवला आणि कान पोत्यांकडं केले. मग चांदीनं पान्हा सोडला. मी धार काढत होते आणि माझ्या धारेचा आवाज आणि टेपमधल्या धारेचा आवाज एकात एक मिसळत होते — एका गाईखाली दोघी बसल्यासारखं. माझ्या डाव्या खांद्याला कुणीतरी टेकलंय असं वाटत होतं. वळून बघितलं नाही. बादली भरत आली होती.

आणि मग कॅसेटच्या शेवटाकडं तिचा बोलण्याचा आवाज आला. पाठोपाठ माझा. मी साफ विसरले होते की टेप चालू असतानाच तिनं मला विचारलं होतं. बाहेर हे कडबाकुट्टी चालवत होते, त्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. मी बादली सांडून टेपकडं धावले.

त्यानंतर ती जागा मला पाठ झाली. तिथं यायच्या आधी बंद करायचं, पुन्हा सुरुवातीपासून लावायचं. ह्यांनी एकदा विचारलं, "कुणाचं हाय गं हे?" मी म्हणाले, "बाजारातनं आणलीय. गाईंसाठीची कॅसेट मिळती." त्यांना पटलं. दिरांनाही पटलं. घरातल्या बाईचं गुणगुणणं कुठला पुरुष कान देऊन ऐकतो? नवरा तिचा, पण त्यालाही ओळखू आलं नाही. वर्षाच्या आत त्यांनी दुसरं लग्न केलं आणि ते तिकडं कवठ्याच्या बाजूला राहायला गेले. पूनमला तिच्या आजीनं निमोण्याला नेलं.

गाणं माझ्याकडं राहिलं.

सुरुवातीला मी ते नुसतं गाईंसाठी लावत होते, हे अगदी खरं आहे. दात खाऊन ऐकायचे. मग कधी, कसं, मला सांगता येणार नाही — मी वैरण टाकता टाकता त्या वरच्या सुराची वाट बघायला लागले. तो आला की छातीत काहीतरी सैल व्हायचं. सकाळी जाग यायची तीच त्याच्या ओढीनं. चांदी म्हातारी होऊन गेली. तिच्या कालवडी आल्या, त्यांच्या कालवडी आल्या, आमच्या गोठ्यातली जनावरं जन्मल्या दिवसापासून शालनला ऐकत वाढली. तिला पाहिलेली एकही गाय आता नाही, आणि सगळ्या तिला पान्हा देतात.

कॅसेट झिजायला लागली तेव्हा मोबाईल टेपजवळ धरून मी ते उतरवून घेतलं. त्या जागेच्या आधी थांबवलं. मग कॅसेटमधली फीत ओढून काढली आणि पाणी तापवायच्या बंबात घातली. ती क्षणात आक्रसली. काळा धूर झाला आणि संपली.

खरं म्हणजे इथंच थांबले असते, तर एक चूक आणि एक खोटं एवढंच झालं असतं. पण पुढं एक गोष्ट झाली.

तीन-चार वर्षांपूर्वी मला पित्ताशयात खडे झाले. तेव्हा निदान झालेलं नव्हतं, नुसती कळ यायची. एका सकाळी लाईट गेलेली, मशिन बंद, म्हणून मी हातानं धारा काढायला बसले. उकिडवं बसल्यावर बरगडीखाली असं काही ओढलं की श्वास अडकला. पण बादली अर्धी झाली होती, उठणार कशी? दात आवळले, काढत राहिले. गाय शांत उभी होती, दूध सुटून येत होतं.

तेवढ्यात हे दारात आले आणि म्हणाले, "लाईट न्हाई, मग स्पीकर कसा चालू?"

स्पीकर बंद होता. आवाज माझ्या गळ्यातून येत होता. दोन खालचे सूर, मग एक वर, थरथरणारा. हात ओढला की खाली, कळ आली की वर. मी काही गात नव्हते.

कळलं तुम्हाला? मला तेव्हा कळलं. ते गाणं नव्हतंच कधी. ती कण्हत होती. बादली भरेपर्यंत उठता येत नाही म्हणून तोंड मिटून कण्हत होती, आणि बादली भरत येईल तसं तिला जास्त दुखत होतं. मी तिला विचारायचे, गातीस का रडतीस? आणि ती हसून चांदीचं नाव पुढं करायची.

मला त्याच सकाळी शिरूरला नेलं. कुणी बाजारच्या दिवसाची वाट पाहिली नाही. ऑपरेशन झालं, बरी झाले, आठवड्यात घरी आले.

आणि घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी मी गोठ्यात गेले आणि ते लावलं. मुद्दाम लावलं. आता तरी अंगावर येईल, आता तरी ऐकवणार नाही, असं वाटलं होतं. तो वरचा सूर आला आणि — हेच मला सांगायचं होतं, यासाठीच एवढं लिहिलं — मला ते आवडलं. आधीपेक्षा जास्त आवडलं. माणूस मरणाच्या दुखण्यात कण्हतंय हे माहीत असून मी खांबाला टेकून, डोळे मिटून ते शेवटपर्यंत ऐकलं आणि पुन्हा लावलं. त्याला काय म्हणतात? मला शब्द माहीत नाही. असेल तो वाईट असेल.

आता पूनमचं.

ती सुट्टीत आमच्याकडं यायची, मला मोठीआई म्हणते. लहानपणी गोठ्यात पाऊल टाकायची नाही. कानांवर हात ठेवून अंगणात उभी राहायची आणि ओरडायची, "मोठीआई, ते भूत बंद कर!" मोठी झाली तशी दुसरंच काही विचारायला लागली. "आई बोलली का न्हाई गं? एवढं दुखत असंल. मी दोन वर्षांची होते. माझ्यासाठी तरी बोलायचं ना?" मी काय म्हणणार? मी म्हणायचे, सोशिक होती. त्यावर ती एकदा भडकली. "काय चाटायचंय सोशिकपण? मला सोडून जाणं सोपं वाटलं तिला, तोंड उघडण्यापेक्षा!" तिच्या लग्नात मांडवात आईचा फोटो ठेवायचा म्हणून आजीनं काढून पुसून ठेवला होता. पूनमनं ठेवू दिला नाही. म्हणाली, "तिनं माझा विचार केला न्हाई, आता मी तिचा का करू?" आजी रडली. मी पाहुण्यांच्या पंगतीचं बघत होते. दोन वाक्यं बोलले असते तर फोटो मांडवात आला असता. मी वाढप्यांना भात आणायला सांगितलं.

पूनम आता दौंडला असते. नवरा रेल्वेत आहे. मागच्या दिवाळीत ती बाळाला घेऊन आली. मुलगी आहे, सहा महिन्यांची, रडकी. संध्याकाळी काही केल्या राहीना. पूनम तिला घेऊन अंगणात येरझारा घालत होती, गोठ्यात मशिन चालू, स्पीकर चालू. बघते तर पूनम गोठ्याच्या दारात उभी. आयुष्यात पहिल्यांदा. बाळ गप्प झालं होतं. मान वळवून स्पीकरकडं बघत होतं — गाई बघतात तसं.

"मोठीआई," ती हळू आवाजात म्हणाली, "लहानपणी मला हे किती घाण वाटायचं. आता बरं वाटतंय गं. कुणाचं हाय हे?"

मी तिच्या तोंडाकडं बघत होते. तो क्षण समोर उभा होता, यापेक्षा सरळ क्षण मला मिळणार नव्हता.

"गाईंसाठीचं म्युझिक हाय," मी म्हणाले.

"मला पाठव ना."

पाठवलं. लगेच पाठवलं, तिथंच उभ्या उभ्या.

आता दौंडच्या क्वार्टरमध्ये ते रोज वाजतं. शेजारून मालगाड्या जातात, पण बाळ जागं होत नाही. हे बंद केलं की होतं. जावई हसतात, म्हणतात, घराचा गोठा केला. पूनम म्हणते, तिलाही आता त्याच्याशिवाय झोप लागत नाही. जितकं ऐकावं तितकं गोड वाटतंय, म्हणते.

परवा तिचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं आणि मग म्हणाली, "मोठीआई, एक विचारू? त्या गाण्याच्या शेवटी बघ, ती बाई गायची थांबती आन् श्वास घेती. कायतरी बोलायच्या आधी घेतात ना, तसा. आन् मग बंदच होतं. मी लई वेळा ऐकलं. पुढं काय हाय गं?"

कॅसेट उतरवताना माझं बोट किंचित उशिरा पडलं असणार. एवढ्या वर्षांत मला तो श्वास कधी ऐकू आला नव्हता. आता येतो.

"पुढं काय न्हाई," मी म्हणाले.

पुढं होतं ते असं. शालन म्हणाली, "आक्का, आज मला दवाखान्यात नेता का? लई दुखतंय. पूनमला कडंवर घेववत न्हाई." मी म्हणाले, "धारा उरकून घे आधी. बाजारच्या दिवशी शिरूरला जायचंच हाय, तवा दाखवू. एका खेपेत दोन कामं हुतील." वैरण टाकल्याचा आवाज. मग ती "बरं" म्हणाली, आणि पुन्हा सुरू झाली.